स्लॅलम बोर्डाचं ट्यूनिंग आणि फिनची निवड: कशानंतर काय

विंडसर्फिंगच्या स्लॅलम प्रकारात, म्हणजे वेगाने जाऊन वळून परत यायच्या शर्यतीत, बोर्ड उड्या मारतो, मागून सुटतो (मागच्या टोकाची पाण्यातली पकड जाते), किंवा वारा भरपूर असूनही पाण्याला चिकटून चालतो. अशा वेळी बहुतेक जण सगळ्यात आधी फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाशी मागे बसणारं पातं, बदलतात. नवी फिन घेतली जाते, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार. बहुतेक वेळा दोष फिनमध्ये नसतोच. तो कमी ओढलेल्या डाउनहॉलमध्ये (शीड मास्टवर, म्हणजे उभ्या काठीवर, खाली ताणणारी दोरी) असतो, चुकीच्या जागी बांधलेल्या हार्नेस लाइनमध्ये (बूमला, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांड्याला, बांधलेली आणि अंगावरच्या पट्ट्याचा आकडा अडकवायची दोरी) असतो, नाहीतर मास्ट फूटच्या (मास्ट बोर्डाला जोडणाऱ्या भागाच्या) जागेत. फिन या सगळ्याचा परिणाम सहन करते आणि दोषही तिच्यावरच येतो.

म्हणून इथे क्रमावर भर दिला आहे. फिनचं माप सुरुवातीलाच ठरवायचं, पण ती बदलण्याचा निर्णय अगदी शेवटी घ्यायचा. हार्नेसमध्ये (शिडाचा ओढा अंगावर घेणाऱ्या पट्ट्यात) आणि दोन्ही फुटस्ट्रॅपमध्ये (बोर्डावरच्या पायाच्या पट्ट्यांत) राहून प्लेनिंग, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून घसरत जाणं, जमत असेल, तरच पुढच्या पायऱ्यांचा उपयोग होईल. फॉइलचं (बोर्ड पाण्याबाहेर उचलणाऱ्या पंखाचं) गणित वेगळं आहे, त्यामुळे ते इथे घेतलेलं नाही.

जवळ काय हवं: मोजपट्टी, न पुसणारा मार्कर, किमान ६० सेंमी लांबीची सरळ पट्टी, स्क्रू-ड्रायव्हर, ४०० ते १००० नंबरचा पाण्यात चालणारा सँडपेपर, आणि एक वही. वही टाळू नका. कालचा मास्ट फूट नेमका कुठे होता हे आठवत नसेल, तर आजच्या बदलाला काही अर्थ उरत नाही.

१. पाण्यात जाण्याआधी बोर्ड उलटा करा

सरळ पट्टी उभ्या कडेवर धरून बोर्डाच्या तळाच्या मागच्या भागावर लांबीच्या दिशेने टेकवा आणि पलीकडून उजेड येतो का ते बघा. स्लॅलम बोर्डाचा मागचा अर्धा-पाऊण मीटर सपाट असायला हवा, कारण पूर्ण वेगात बोर्ड तेवढ्याच भागावर चालतो. फिन बॉक्सभोवती (फिन बसते त्या खाचेभोवती) फुगवटा असेल किंवा आधी दुरुस्ती करून जाड थर लावलेला असेल, तर तो इथेच दिसतो. अगदी टोकाला तळ खाली वळलेला असेल, तर बोर्डाचं पुढचं टोक सतत दाबलं जातं आणि मास्ट फूट कितीही हलवला तरी ते सुटत नाही. असं काही आढळलं तर स्वतः घासायला बसू नका. बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

मग फिन बॉक्सच्या कडा नखाने चाचपा. चीर असेल तर नख अडकतं. त्यानंतर हवेच्या झडपेचा स्क्रू, फुटस्ट्रॅपचे स्क्रू आणि मास्ट फूटचा रबरी किंवा प्लॅस्टिकचा सांधा तपासा. सांधा वाकवून बघा, चिरा वाकवल्यावरच दिसतात.

इशारा: सांध्याला बारीक जरी चीर असली तरी त्या दिवशी पाण्यात जाऊ नका. किनाऱ्यापासून लांब सांधा तुटला तर शीड एकीकडे आणि बोर्ड दुसरीकडे जातो.

२. आधी शीड, मग बोर्ड

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. शिडावर छापलेली मास्टची आणि बूमची मापं लावा आणि डाउनहॉल पूर्ण ओढा. रेसच्या शिडात वरच्या बाजूची मागची कड, म्हणजे लीच, किनाऱ्यावर असतानाच सैल दिसायला हवी. वरच्या दोन-तीन बॅटनच्या (शिडातल्या आडव्या कडक पट्ट्यांच्या) मधलं कापड हाताने हलवलं तर लोंबतं राहिलं पाहिजे. आउटहॉल (शीड बूमवर मागे ताणणारी दोरी) नंतर आणि बेताने ओढा. वारा भरल्यावर शीड बूमला जेमतेम टेकावं.

डाउनहॉल कमी पडला तर काय होतं ते नीट बघा. वाऱ्याचा झोत आला की शिडाचा ओढा मागे सरकतो. मागच्या हातावर भार येतो, तो सावरायला मागचा पाय फिनला आडवा रेटतो आणि फिन सुटते. पाण्यावर जाणवतं ते फक्त शेवटचं, म्हणून तक्रार फिनची होते. खरं तर डाउनहॉल दोन सेंटिमीटर कमी ओढलेला असतो.

३. सुरुवातीची जुळणी करून लिहून ठेवा

पहिल्या फेरीत काही जिंकायचं नसतं. ज्यापासून पुढचे बदल मोजायचे ती जुळणी ठरवायची असते.

मास्ट फूट ट्रॅकच्या (तो पुढे-मागे सरकतो त्या बोर्डावरच्या खाचेच्या) मध्यावर लावा. ट्रॅकवरच्या आकड्यांवर विसंबू नका, कारण प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात. बोर्डाच्या मागच्या टोकापासून मास्ट फूटच्या मध्यापर्यंत मोजपट्टीने मोजा आणि तो आकडा लिहा. बोर्ड बदलला तरी हे माप कामाला येतं.

फुटस्ट्रॅप बाहेरच्या भोकांमध्ये, पुढे-मागे मधल्या जागी लावा. पाय घातल्यावर सगळी बोटं पलीकडे दिसली पाहिजेत, पण घोटा आत सरकता कामा नये. सैल पट्टा धोकादायक असतो. पडताना पाय अडकतो आणि पिरगळतो. घट्ट पट्ट्यात टाच कडेपर्यंत पोचत नाही, मग जोर बोटांवर जातो. स्क्रूखाली पट्टा फिरू न देणारी दातेरी चकती असते, ती राहून गेली तर पट्टा तासाभरात वळतो.

बूम बोर्डावर मास्टशेजारी उभं राहिल्यावर खांदा आणि हनुवटी यांच्या मध्ये असावा. हार्नेस लाइनची दोन्ही टोकं जवळजवळ बांधा, मुठीएवढं अंतर पुष्कळ. लांबी साधारण २८ ते ३२ इंचांच्या दरम्यान असावी, हात लांब असतील तर थोडी जास्त.

४. फिनचं माप ठरवा

फिनची लांबी म्हणजे बॉक्समध्ये जाणारं हेड सोडून बाहेर राहणारा भाग. आधी बोर्डाची रुंदी बघा, मग शीड, मग स्वतःचं वजन. सुरुवातीसाठी एक सोपा अंदाज: बोर्डाच्या कमाल रुंदीचा अर्धा, आणि त्यात साधारण २ ते ६ सेंमी, लहान बोर्डाला कमी. प्रत्यक्षात आकडे साधारण असे येतात:

• रुंदी ५८ ते ६० सेंमी, शीड ५.५ ते ६.५ चौ. मी. – फिन ३० ते ३४ सेंमी
• रुंदी ६७ ते ७० सेंमी, शीड ७ ते ७.८ चौ. मी. – फिन ३६ ते ४० सेंमी
• रुंदी ७५ ते ८० सेंमी, शीड ७.८ ते ८.६ चौ. मी. – फिन ४१ ते ४५ सेंमी
• रुंदी ८० ते ८५ सेंमी, शीड ८.६ ते ९.५ चौ. मी. – फिन ४५ ते ५० सेंमी

वजन ९० किलोच्या वर असेल तर वरचा आकडा घ्या, ६५ च्या आसपास असेल तर खालचा. पाणी खळबळलेलं असेल किंवा जायचं मुख्यतः वाऱ्यासोबत उतरत असेल, तर १ ते २ सेंमी कमी केलेली चालते. वाऱ्यावर चढून, म्हणजे वारा येतो त्या बाजूला तिरकं जात, परत यायचं असेल तर ती कमी करू नका.

यामागचं कारण माहीत असलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. फिनचा जोर तिच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. २० नॉटवरून ३० नॉटवर गेलात की तीच फिन सव्वादोनपट जोर देऊ शकते. म्हणून हलक्या वाऱ्यात मोठी फिन लागते आणि वेग वाढला की तीच फिन अंगावर येते. एक लक्षात ठेवा, लांबी सारखी म्हणजे क्षेत्रफळ सारखं असं नाही. एका कंपनीची ४० सेंमीची फिन दुसरीच्या ४२ सेंमीइतकी जोरकस असू शकते. कंपनी बदलताना दोन्ही फिन एकमेकींवर ठेवून बुडाची रुंदी आणि टोकाकडचा आकार बघा.

तपासून घ्या: जिथे थांबणार आहात तिथलं पाणी किती खोल आहे? ४६ सेंमीची फिन आणि वर बोर्डावर तुमचं वजन, म्हणजे गुडघाभर पाण्यात फिन तळाला लागणार.

५. फिन बॉक्समध्ये नीट बसवा

या पायरीला घाई नको. मागून सुटण्याच्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात.

बहुतेक स्लॅलम बोर्डांना टटल किंवा डीप टटल (त्याहून खोल) बॉक्स असतो. दोन्हींत हेड पुढून आणि मागून निमुळतं असतं आणि वरून दोन बोल्ट येतात. साध्या टटल हेडची फिन लांब बोल्ट लावून डीप टटल बॉक्समध्ये बसते, उलट मात्र होत नाही. ४० सेंमीच्या वरच्या फिनला डीप टटल हेडच हवं, कारण एवढ्या लांबीचा आडवा ताण आखूड हेड फार दिवस पेलत नाही.

क) बॉक्स धुऊन घ्या. वाळूचा एक कण जरी राहिला तरी फिन तिरकी बसते.

ख) बोल्ट न लावता फिन हाताने आत सरकवा. ती पुढच्या आणि मागच्या उतारावर घट्ट अडकली पाहिजे आणि बूड तळापासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर राहिलं पाहिजे. उरलेलं अंतर बोल्टांनी ओढलं जाईल. हातानेच पूर्ण आत जाऊन पुढे-मागे हलत असेल तर हेड लहान आहे.

ग) हेडच्या माथ्यावर मातीकामाच्या क्लेचे दोन छोटे गोळे चिकटवा, बोल्टांची भोकं सोडून, आणि फिन बसवून काढा. गोळे पार चपटे झाले असतील तर हेड उतारावर अडकण्याआधीच बॉक्सच्या छताला टेकतंय. अशा वेळी बोल्ट आवळत गेलात तर जोर फिनवर न जाता बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागावर जातो आणि तिथे चीर पडते.

घ) हेड मोठं असेल तर त्यावर पेन्सिल घासा, फिन आत घालून काढा आणि जिथे पेन्सिल पुसली गेली तेवढंच लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या सँडपेपरने घासा. थोडं घासा, पुन्हा बघा. फिन बोर्डाशी सरळ काटकोनात आहे ना हे प्रत्येक वेळी मागून बघून घ्या.

च) बोल्ट आळीपाळीने पाव-पाव वळसा आवळा. फिनमधल्या आडव्या नटाचे पूर्ण आटे बोल्टाने धरले पाहिजेत. आखूड बोल्ट दोनच आट्यांवर लटकतो आणि आटे उपटून येतो. फार लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि फिन सैलच राहते. बूड तळाशी सपाट आलं की थांबा.

फिन आणि तळ यांच्यात फट राहिली असेल तर चिकटपट्टीने ती झाका. तिथून हवा आत शिरली तर कितीही महागडी फिन सुटते. पहिली दहा मिनिटं चालवून परत या आणि बोल्ट पुन्हा तपासा.

६. पाण्यावरचे बदल, याच क्रमाने

एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले आणि बोर्ड सुधारला, तर कशामुळे ते कधीच कळणार नाही.

पहिल्यांदा हार्नेस लाइन. प्लेनिंग करताना दोन्ही हात हलके सोडा. शीड मागच्या हाताला ओढत असेल तर लाइन मागे सरकवा, पुढच्या हाताला ओढत असेल तर पुढे. एका वेळी एक बोटभरच. ही जागा चुकीची असेल तर पुढचं सगळं चुकीचं वाचलं जातं.

मग मास्ट फूट. हार्नेसमध्ये टाकलेलं वजन शिडातून मास्ट फूटवर उतरतं आणि बोर्डाला पुढून दाबून ठेवतं. मास्ट फूट पुढे घेतला की बोर्ड सपाट, शांत आणि थोडा चिकट होतो. मागे घेतला की पुढचं टोक सुटतं, पाण्याला लागणारा भाग कमी होतो, वेग वाढतो, पण झोतात बोर्ड उडायला लागतो. एका वेळी १ सेंमी हलवा. अर्ध्या सेंटिमीटरचा फरकही जाणवतो, पण सवय झाल्यावर. सपाट पाण्यावर मागे आणि उभ्या छोट्या लाटांमध्ये पुढे, हे बहुतेक वेळा बरोबर ठरतं.

नंतर बूम. वर घेतला की बोर्ड उचलला जातो, खाली घेतला की दबतो. हलक्या वाऱ्यात वर, जोराच्या वाऱ्यात दोन-तीन सेंटिमीटर खाली. मास्ट फूट आणि बूम एकमेकांवर परिणाम करतात, म्हणून बूम हलवल्यावर मास्ट फूट पुन्हा एकदा बघा.

फुटस्ट्रॅप सगळ्यात शेवटी, आणि तेही क्वचित. मागच्या भोकांत नेले तर वेगात बोर्ड मोकळा होतो, पुढे आणले तर खळबळीत सांभाळायला सोपा जातो. दर दिवशी स्क्रू काढणं-लावणं चांगलं नाही, आटे सैल होतात.

७. आता फिनचा निर्णय

वरचं सगळं जागेवर आल्यानंतरच खालच्या खुणा विश्वासाच्या.

फिन मोठी पडतेय: झोतात बोर्डाची वाऱ्याकडची कड उचलली जाते आणि टाचांनी ती सतत दाबून ठेवावी लागते. पाण्याखाली फिनचा जोर वाऱ्याच्या दिशेने असतो आणि तो बोर्डाला आडवा फिरवू पाहतो, म्हणून असं होतं. पाय थकतात, शीड मोकळं सोडावं लागतं. मास्ट फूट पुढे घेऊन आणि बूम खाली घेऊनही हे थांबत नसेल तर फिन २ सेंमीने लहान करा.

फिन लहान पडतेय: प्लेनिंग उशिरा सुरू होतं, बोर्ड तिरका घसरत जातो, वाऱ्यावर चढत नाही आणि जोर लावताच, विशेषतः कमी वेगात, फिन सुटते. इथे २ सेंमी वाढवा. मागच्या पायाने आणखी जोर लावणं हा उपाय नाही.

फिन फक्त एकाच दिशेला जाताना सुटतेय: मापाचा प्रश्न नाही. फिनच्या वाऱ्याकडच्या बाजूवर दाब कमी असतो आणि हवा तिथूनच खाली शिरते. वारा उजवीकडून असताना सुटत असेल तर फिनची उजवी बाजू तपासा: धारेला खाच, बुडाशी फट, ओरखडा. काहीच सापडलं नाही तर त्या बाजूच्या हार्नेस लाइनची जागा दुसऱ्या बाजूशी मोजपट्टीने ताडून बघा.

फिन गुणगुणतेय: मागच्या धारेचा दोष. एकाच बाजूने हलका तिरका घास दिला की बहुतेक वेळा आवाज जातो.

फिन सुटल्यावर काय करायचं तेही सांगतो, कारण घाबरून रेटा वाढवणारे बरेच आहेत. मागच्या पायावरचा भार काढा, तो पाय स्वतःकडे ओढून बोर्डाचं मागचं टोक अंगाखाली आणा, मग हळूहळू भार द्या.

८. माप बरोबर आहे, तरी मजा नाही

मग फिनच्या स्वभावाकडे बघा. स्लॅलमच्या फिन जवळजवळ उभ्या असतात, मागे कल थोड्या अंशांचाच. कल वाढला की फिन सौम्य होते, पण तेवढ्याच लांबीत वाऱ्यावर चढण्याची ताकद कमी होते. शेवाळ असलेल्या पाण्यासाठीच्या फिनचा कल ३० ते ४५ अंश किंवा त्याहून जास्त असतो. त्यांची निवड लांबीवरून नव्हे, क्षेत्रफळावरून करायची.

टोक किती लवतं आणि किती पिळतं हे दुसरं. लवणारी फिन झोतात जादा जोर सोडून देते, त्यामुळे खळबळीत आणि हलक्या वजनाच्या माणसाला ती सोपी जाते. कडक फिन वाऱ्यावर जोरात चढते, मात्र पायाची चूक लगेच दाखवते. जी-१० (काचतंतू आणि इपॉक्सीचे दाबलेले थर) फिन जड आणि सगळीकडे एकसारखी असते. कार्बनमध्ये थरांची मांडणी बदलून लवचिकता ठरवता येते, म्हणून ‘कार्बन म्हणजे कडक’ असं धरून चालू नका. तिसरी गोष्ट जाडी: जाड फिन कमी वेगात पकड सोडत नाही, पातळ फिन वेगात कमी अडवते पण आधी नीट वेग पकडून घ्यावा लागतो. सुटण्याचा त्रास असणाऱ्याने पातळ फिन घेणं ही नेहमीची चूक.

असममित (दोन्ही बाजूंचा आकार वेगळा असलेल्या) फिनच्या वाटेला जाऊ नका. नामिबियात ल्युडेरिट्झच्या कालव्यात वेगाचे विक्रम एकाच दिशेला धावून होतात, तिथे ती योग्य आहे. स्लॅलममध्ये वळून परत यायचं असतं.

९. तुलना कशी करायची

दोन फिन ताडून बघायच्या तर त्याच दिवशी, त्याच शिडाने, आणि पहिली, दुसरी, पुन्हा पहिली या क्रमाने. तिसरी फेरी पहिलीशी जुळली नाही तर वारा बदललाय, तुलना रद्द. जीपीएस लावत असाल तर कमाल वेग बघू नका, तो एका झोताचा असतो. दहा सेकंदांच्या पाच सर्वोत्तम धावांची सरासरी जास्त खरं सांगते.

१०. धार, डाग आणि साठवण

पुढची धार अंगठ्याच्या नखाने बुडापासून टोकापर्यंत चाचपा. खाच लागली तर इपॉक्सीने भरा, पूर्ण वाळू द्या, मग ४०० पासून १००० पर्यंत पाण्यात घासा, सँडपेपर कडक पट्टीवर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर आकार खड्ड्यासारखा होतो. दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या. आरशासारखी चकाकी लागत नाही, सारखेपणा लागतो.

दिवस संपला की बोल्ट ढिले करा आणि फिन काढून ठेवा. खाऱ्या पाण्यात बोल्ट जाम होतात. अडकलेली फिन डावी-उजवीकडे हलवून काढू नका, बॉक्स चिरतो. बोल्ट थोडे ढिले करून बुडाजवळ पुढून आणि मागून आळीपाळीने तळहाताने ठोका.

एका बोर्डासाठी दोनच फिन घ्यायच्या असतील तर त्यांत ४ सेंमीचा फरक ठेवा. जुनी फिन घेताना ती मागून डोळ्यासमोर धरा, वाकडी किंवा पिळलेली असेल तर सोडून द्या. आणि हेडमधल्या नटात बोल्ट घालून बघा, आटे शाबूत असतील तरच पुढची बोलणी करा.